पहिलं हरीण (खरं म्हणजे दुसरं)

तर मंडळी, मी हरीण मारलं.

हे वाक्य मराठीत लिहिताना बोटं अडखळली. ऑफिसात हेच इंग्रजीत सांगताना काही वाटलं नव्हतं. 'आय गॉट वन' म्हटलं की झालं. जणू कुठेतरी हरणांचा सेल लागला होता आणि मला एक मिळालं. सरकारी कागदावर तर त्याहून सोज्वळ शब्द आहे, 'हार्वेस्ट'. म्हणजे मी भुईमूग काढला! मराठीत मात्र 'मिळालं', 'काढलं' असलं काही चालत नाही. मारलं. बाणाने मारलं. आईला फोनवर सांगताना हेच क्रियापद वापरावं लागलं, आणि पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं कॉल कटला.

शिव्या घालायच्या आधी थोडी पार्श्वभूमी ऐकून घ्या. भारतात हे केलं असतं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मी आत गेलो असतो, आणि ते योग्यच झालं असतं. पण मी राहतो मॅडिसनला, विस्कॉन्सिन राज्यात. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं पंधरा लाखांच्या वर आहेत. त्यांना खाणारे लांडगे माणसाने मारून मारून १९६० च्या सुमारास राज्यातून संपवले होते. पुढे मिनेसोटातून ते परत आले, पण राज्याच्या उत्तरेकडे. आमच्या बाजूच्या मक्याच्या शेतांत आणि ओकच्या टेकड्यांवर हरणांना मोठा धोका दोनच गोष्टींचा, मोटारी आणि शिकारी. बंदुकीचा सीझन नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, नऊ दिवस चालतो आणि पाच लाखांहून जास्त माणसं त्यासाठी परवाना काढतात. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात कुणी रिलीज ठेवत नाही. दिवाळीला पुण्यात ठेवतं का कुणी?

धनुष्याचा सीझन वेगळा. तो सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. विस्कॉन्सिनने १९३४ साली शिकारीसाठी असा वेगळा धनुष्य-सीझन ठेवला, तो आधुनिक अमेरिकेतला पहिला. इथल्याच विद्यापीठात शिकवणारे आल्डो लिओपोल्ड स्वतः धनुष्यं बनवून शिकारीला जायचे. तेच लिओपोल्ड, ज्यांनी तरुणपणी एक लांडगीण मारली आणि तिचे विझत जाणारे डोळे आयुष्यभर विसरले नाहीत. शिकारही आणि पश्चात्तापही एकाच माणसाच्या नावावर, हे मला तेव्हा फार गंमतशीर वाटलं होतं. आता नाही वाटत.

मी या भानगडीत का पडलो? कारण अगदी साधं आहे. आमच्या घरी दर रविवारी मटण. लहानपणी बाबांबरोबर स्टीलचा डबा घेऊन खाटकाच्या दुकानासमोर रांगेत उभा राहायचो. आमचा नंबर जवळ आला की बाबा म्हणायचे, "तू तिकडे सायकलपाशी थांब." मी थांबायचो. मग डबा जड होऊन यायचा. वीसेक वर्षं मी मटण खाल्लं, वर 'रस्सा कसला झालाय!' असंही म्हटलं, पण त्या दोन मिनिटांत दुकानाच्या आत काय होतं ते पाहिलं नाही. इथे तर थर्माकोलच्या ट्रेमध्ये, प्लॅस्टिकखाली, रक्त टिपायच्या पॅडसकट सगळं मिळतं. म्हणजे मी अजून सायकलपाशीच उभा होतो.

हे मी एकदा जेवताना आमच्या डेटाबेसवाल्याला बोललो. साठीला टेकलेला, पांढरी दाढी, बोलणं मोजकं. इथल्या पद्धतीने त्याला नावाने हाक मारतो, अरे-तुरे करतो. मनात मात्र मी त्याला काका म्हणतो. काका म्हणाला, "मग शीक." त्याच्या भावाचं शेत मॅडिसनच्या पश्चिमेला आहे. जाताना वाटेत एक धनुष्याचं दुकानही लागतं, तेही त्याने सांगून टाकलं.

१ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला इथे सुरक्षेचा कोर्स केल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही. तो केला. धनुष्य घेतलं. आपल्या डोक्यात रामाचं धनुष्य असतं, तसलं काही नाही. हे कंपाउंड धनुष्य, दोन टोकांना कप्प्या. ताण पन्नास पौंडांचा, पण दोरी पूर्ण ओढली की कप्प्यांमुळे हातावर दहा-बारा पौंडच उरतात आणि नेम धरून थांबता येतं. अर्जुनाला ही सोय नव्हती. माझ्या धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण २६० फूट जातो. आवाज जातो अकराशे फूट. म्हणजे दोरी सुटल्याचा आवाज हरणाला आधी पोचतो आणि बाण मागून. आमच्या भाषेत सांगायचं तर लेटन्सीचा प्रॉब्लेम. वीस यार्डांवर तो चालून जातो. चाळीस यार्डांवर बाण पोचेपर्यंत हरीण जागचं हललेलं असतं. म्हणून काकाने पहिल्याच दिवशी नियम घालून दिला, "पंचवीस यार्ड. त्यापुढे हात खाली."

आता २०२३ ची गोष्ट. जी मी इतके दिवस कुणाला सांगितली नव्हती.

ऑक्टोबरअखेरची संध्याकाळ. सलग पाच वीकेंड मचाणावर बसून मी खारी मोजत होतो. उजेड संपत आला होता आणि मक्याच्या कडेने एक नर आला, चांगल्या शिंगांचा. मला तो तीस यार्डांवर वाटला. (नंतर मोजलं, अडतीस होतं.) पाच वीकेंडची थंडी, काकाला काय सांगू, ऑफिसात काय सांगू, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि मी बाण सोडला. धप्प असा ओला आवाज आला. हरीण पाठ वाकवून दुडक्या चालीने झाडीत शिरलं.

कोर्समध्ये शिकवलं होतं की पाठ वाकवून गेलं म्हणजे बाण बहुधा पोटात लागलाय. पोटात लागलेलं हरीण तासन् तास जगतं. त्याच्या मागे लगेच जायचं नाही. आठ ते बारा तास थांबायचं. ते जवळच कुठेतरी आडवं होतं आणि तिथेच मरतं. मागे गेलात तर उठून पळतं, मैलभर जातं आणि कधीच सापडत नाही. हे सगळं मला पाठ होतं, टेस्टमध्ये मार्कही मिळाले होते. आणि मी दहाव्या मिनिटाला टॉर्च घेऊन खाली उतरलो. झुडपातून काहीतरी उठून धावल्याचा आवाज आला. एकदा. मग पुन्हा एकदा, आणखी लांबून. त्यानंतर काही नाही.

काकाने ट्रकपाशी विचारलं, "आवाज ऐकला. काय झालं?"

मी म्हणालो, "हुकला."

सोमवारी संध्याकाळी त्याने मला पार्किंगमध्ये बोलावलं आणि ट्रकच्या मागून माझा बाण काढून हातात दिला. रविवारी शेतात फिरताना त्याला सापडला होता. पिसांना तपकिरी केस चिकटले होते आणि हिरवट काहीतरी वाळलं होतं. त्याने तो माझ्या नाकापाशी धरला. पोटातल्या आंबलेल्या चाऱ्याचा वास.

"हुकलेल्या बाणाला वास येत नाही," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, त्याचाच त्रास जास्त झाला. "चूक सगळ्यांकडून होते. माझ्याकडूनही झालीय. पण रात्री सांगितलं असतंस, तर पहाटे दोघं गेलो असतो. कदाचित सापडलं असतं. मी काल चार तास शोधलं. तोवर उशीर झाला होता."

बस. परत तो विषय त्याने काढला नाही. बाण मी घरी आणला, धुतला नाही, खिडकीत ठेवला. पुढचे कित्येक दिवस झोपताना मला ते दोनदा उठून धावलेलं हरीण ऐकू यायचं. आपल्या गोष्टींत शिकाऱ्याचा बाण सुटला की शाप ठरलेलाच असतो. दशरथाला श्रवणबाळाच्या आईवडिलांचा, पांडूला हरणाच्या रूपातल्या ऋषीचा. मला कुणी शाप दिला नाही. मला तर कुणी विचारलंही नाही. मी 'हुकला' म्हटलं आणि ते चालून गेलं असतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी फोमच्या टार्गेटवर तीस बाण मारले. काका म्हणाला, तीस नको, एकच मार, पण तो थंड अंगाने मारलेला पहिला बाण असू दे. हरणासमोर वॉर्म-अप मिळत नाही. मग रोज ऑफिसातून आलं की बूट काढायच्या आधी एक बाण. जुलैच्या शेवटी पंचवीस यार्डांवरून तो एक बाण बशीएवढ्या गोलात रोज बसायला लागला. अंतर ओळखायलाही शिकलो. आता मी रस्त्याने चालताना दिव्याचे खांब किती यार्डांवर आहेत ते मनात म्हणतो. बसायची जागा नक्की झाली की मचाणाभोवतीच्या झाडांची अंतरं मोजून ठेवायची, म्हणजे ऐनवेळी अंदाज नको, हेही शिकलो.

नोव्हेंबरातला शनिवार. बंदुकांचा सीझन अजून सुरू व्हायचा होता. पहाटे पाचलाच मचाणावर चढलो. मचाण म्हणजे झाडाला बांधलेली लोखंडी शिडी आणि वर खुर्चीएवढी बैठक, जमिनीपासून पंधरा फूट. आधी हार्नेस झाडाला बांधायचा, मग बाकी सगळं. इथे शिकारीतले बरेच अपघात गोळीने होत नाहीत, मचाणावरून पडून होतात. वारा समोरून येत होता, म्हणजे माझा वास मागे दरीत जात होता. हरणाला तुम्ही दिसलात तर ते एखादवेळ विचार करतं. तुमचा वास आला तर विचारसुद्धा करत नाही.

अंधारात करण्यासारखं काही नसतं. वर पाहिलं तर झाडांची पानं गळून गेली होती आणि नैऋत्येला मृग नक्षत्र टांगलेलं. मधले तीन तारे, म्हणजे बाण. आणि त्याच्या मागे लखलखणारा व्याध. आजी महाशिवरात्रीला गोष्ट सांगायची. व्याध बेलाच्या झाडावर हरणाची वाट बघत रात्रभर बसतो, नकळत बेलाची पानं खाली शिवलिंगावर टाकतो. हरणी येते आणि म्हणते, पाडसांना भेटून येते, मग मार. तो तिला जाऊ देतो. आणि ती शब्द पाळून खरंच परत येते. लहानपणी मला त्या हरणीचं कौतुक वाटायचं. त्या पहाटे झाडावर बसून पहिल्यांदा वाटलं की अवघड काम व्याधाचं होतं. हातातोंडाशी आलेलं जाऊ द्यायचं आणि घरी जाऊन खरं सांगायचं.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बाण मारायला परवानगी असते. उजाडता उजाडता नर आला. गेल्या वर्षीच्यापेक्षा मोठा, मान फुगलेली, नाक जमिनीला लावून माद्यांचा माग काढत. माझे गुडघे लटपटायला लागले. तो ज्या पडलेल्या ओकपाशी थांबला तो मी मोजलेला होता, चौतीस यार्ड. आडवा उभा, अगदी पुस्तकातल्या आकृतीसारखा. मी धनुष्य उचललंसुद्धा. दोरीला हूक लावला.

आणि खाली ठेवलं. फार मोठा संयम वगैरे नाही हो. डोळ्यांसमोर तो हिरवट बाण आला, एवढंच. नर आणखी मिनिटभर तिथेच उभा होता, जणू विचारत होता, 'नक्की ना?' मग टेकडी ओलांडून गेला. मी मनात स्वतःला दोन शिव्या हासडल्या.

सव्वाआठला मादी आली. एकटी. मक्याच्या बाजूने, थांबत थांबत, कान फिरवत. ती अठरा यार्डांवरच्या बर्चपाशी पोचली आणि तिचं डोकं खोडाआड गेलं. मी दोरी ओढली. ती पुढे आली, थांबली, जराशी तिरकी, पुढचा पाय पुढे टाकलेला. म्हणजे खांद्यामागची जागा मोकळी. नेम धरल्याचं आठवतं, सोडल्याचं आठवत नाही. ती उडाली, मागचे पाय झाडले आणि शेपूट खाली घालून झाडीत पळाली. दहा-बारा सेकंद पाचोळ्याचा आवाज. मग शांत.

आता खरी परीक्षा. अर्धा तास थांबायचं. काकाला मेसेज केला, 'मादी, अठरा यार्ड, बाण लागलाय, कुठे ते माहीत नाही.' टाइप करताना हात इतके कापत होते की तीनदा खोडलं. त्याचं उत्तर आलं, 'खाली उतरू नकोस. येतोय.' आयुष्यात मी प्रॉडक्शन सर्व्हरसमोर रात्री काढल्या आहेत, पण एवढा लांब अर्धा तास पाहिला नव्हता. तिथे निदान रोलबॅक असतो.

काका आला आणि आधी बाणापाशी गुडघ्यावर बसला. बाण आरपार जाऊन मातीत रुतला होता. रक्त गुलाबी होतं आणि त्यात बारीक बुडबुडे. बुडबुडे म्हणजे फुफ्फुस. त्याने बाण माझ्यापुढे धरला. मी न सांगता वास घेतला. मातीचा आणि रक्ताचा, बाकी काही नाही.

मग माग. पाचोळ्यावर इथे एक थेंब, पुढच्या फांदीवर फवारा. काका शेवटच्या थेंबापाशी उभा राहायचा आणि मी पुढचा शोधायचा. सापडला की तो तिथे येऊन उभा राहायचा. ऐंशी पावलांवर ती पडलेली होती, कुशीवर, डोळे उघडे. काकाने मला फांदीने डोळ्याला स्पर्श करायला सांगितला. पापणी हलली नाही. म्हणजे संपलं होतं, आणि बहुधा मी मचाणावर तीनदा मेसेज खोडत होतो तेव्हाच संपलं होतं.

मला वाटलं होतं आनंद होईल, किंवा रडू येईल. दोन्ही आलं नाही. आधी आलं ते हायसं. सापडली. मग तिच्या मानेवर हात ठेवला. ऊब होती, आणि केस वाटले होते त्यापेक्षा राठ. 'थँक यू' म्हणावं की 'सॉरी', ते कळेना, म्हणून गप्प बसलो. काकाही गप्प होता. मग त्याने खिशातून चाकू काढून मुठीकडून माझ्या हातात दिला. "तुझं हरीण आहे."

पोट उघडून कोथळा काढायला मला पाऊण तास लागला. काकाला दहा मिनिटं लागतात. वर्णन करत नाही, जेवायच्या वेळी वाचत असाल. एवढंच सांगतो की सायकलपाशी थांबलेल्या मुलाने अखेर दुकानात डोकावून पाहिलं. त्याला उलटी झाली नाही. पण रविवारचा तो डबा त्याला आता आठवतो तेव्हा जास्त जड वाटतो.

त्यानंतरचं सगळं विस्कॉन्सिनचं सरकारी काम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवर किंवा इंटरनेटवर नोंदणी. मग तपासणी. इथल्या हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग नावाचा मेंदूचा रोग आहे, राज्यात २००२ साली मॅडिसनजवळच पहिल्यांदा सापडला. माणसाला झाल्याची नोंद नाही; पण तो शिजवून मरत नाही, आणि रोगी हरीण खाऊ नये असा सल्ला आहे. म्हणून डोकं आणि मानेचा थोडा भाग सरकारी पेटीत ठेवून यायचा आणि रिपोर्टची वाट बघायची. वीसेक किलो मांस फ्रीझरमध्ये आणि मी रोज वेबसाइट रिफ्रेश करतोय. रिपोर्ट वाईट आला असता तर सगळं फेकून द्यावं लागलं असतं. बाकी कशापेक्षाही मला त्याची भीती वाटली, की ती फुकट गेली असती. दहाव्या दिवशी आलं: 'नॉट डिटेक्टेड'.

त्या रविवारी काका आणि काकू जेवायला आले. आईला फोन लावून समोर ठेवला होता. तिची शांतता एव्हाना संपली होती, कारण समोर मांस असताना कुणी ते बिघडवणं तिला शिकारीपेक्षा मोठं पाप वाटतं. "चरबी नाही रे याला अजिबात, तेल जास्त घाल. दही लावून ठेवलंयस ना? आणि कुकरच्या शिट्ट्या मोजून, नाहीतर चामडं होईल." सुकं खोबरं, कांदा, घरून आलेला कांदा-लसूण मसाला. काकाने घाम पुसत तीन वाट्या रस्सा प्यायला.

मध्येच आईने विचारलं, "पाडस होतं का रे बरोबर?"

'नव्हतं' असं ओठांवर आलं होतं. नोव्हेंबरपर्यंत पाडसं दूध सोडून चरायला लागलेली असतात, हेही सांगता आलं असतं.

"मला दिसलं नाही," मी म्हणालो. आणि मग तिला २०२३ चंही सांगितलं. अडतीस यार्ड, टॉर्च, 'हुकला', सगळं. काकाला मराठी येत नाही, पण माझी नजर खिडकीतल्या बाणाकडे गेली तशी त्याचीही गेली, आणि तो ताटात बघत राहिला.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "यंदा नीट शोधलंस ना?"

"हो."

"बरं. गॅस बारीक कर, रस्सा उतू जातोय."